सुपरकंडक्टरच्या आत काय चाललंय? क्ष-किरणांनी टिपलेली तांब्याची गोष्ट आणि आपल्याकडची रिकामी जागा

जुलै २०२३ चा शेवटचा आठवडा आठवतोय? एक छोटासा काळपट खडा चुंबकावर अर्धवट उभा राहिलाय, असा व्हिडिओ जवळपास प्रत्येक ग्रुपवर फिरत होता. नाव होतं एलके-९९. दक्षिण कोरियातल्या एका गटाचा दावा असा की हा पदार्थ साध्या खोलीच्या तापमानालाच काय, १२७ अंश सेल्सिअसपर्यंत सुपरकंडक्टर राहतो. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर लगेच एकाने लिहिलं, "चला, आता लाइट बिल शून्य."

दोन-तीन आठवड्यांत फुगा फुटला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला, सुपरकंडक्टिव्हिटी कुठेच मिळाली नाही. मुंबईत इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत शिकलेले आणि आता अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात असलेले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांच्या एक गोष्ट लक्षात आली. कोरियन गटाच्या आलेखात विद्युतरोध जिथे धाडकन खाली येत होता ते तापमान होतं साधारण १०४ अंश. नेमक्या याच तापमानाला कॉपर सल्फाइड आपली रचना बदलतं. म्हणजे तो चमत्कार खड्यात राहून गेलेल्या भेसळीचा होता. जर्मनीत स्टुटगार्टच्या मॅक्स प्लांक संस्थेने शुद्ध स्फटिक बनवला, तर तो चक्क विजेचा रोधक निघाला.

मग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुपरकंडक्टर पुन्हा बातम्यांत आले. भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळालं, सुपरकंडक्टरच्या सर्किटमध्ये क्वांटम परिणाम दाखवून दिल्याबद्दल. आजचे अनेक क्वांटम कॉम्प्युटर त्याच कामावर उभे आहेत.

एक बातमी फुसकी निघाली, दुसरी शंभर नंबरी. पण दोन्ही वाचताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. हे पदार्थ आतून चालतात कसे, हे आपल्याला कळलंय तरी का? उत्तर असं आहे की साध्या धातूंचं कळलंय. पण उणे १९६ अंशांच्या वरही चालणारे, तांबं आणि ऑक्सिजन असलेले जे पदार्थ आहेत, त्यांचं कोडं जवळजवळ चाळीस वर्षं झाली तरी सुटलेलं नाही. ते सोडवायला जी साधनं कामाला लागली आहेत त्यात क्ष-किरणांचं एक तंत्र फार महत्त्वाचं ठरलंय. आज त्याबद्दल बोलू, आणि शेवटी हेही बघू की या सगळ्यात भारत कुठे आहे.

आधी थोडक्यात: सुपरकंडक्टर म्हणजे काय?

तारेतून वीज वाहते म्हणजे इलेक्ट्रॉन पुढे सरकतात. वाटेत ते अणूंवर आदळतात, ऊर्जा उष्णता होऊन जाते. चार्जर गरम होतो त्याचं एक कारण हेच. आपल्या पालघर जिल्ह्यात तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. तिथली असो की आणखी कुठली, वीज घरी पोचेपर्यंत तिचा काही हिस्सा असा तारा तापवण्यातच खर्ची पडतो.

सुपरकंडक्टर ठरावीक तापमानाखाली थंड केला की हा विरोध शून्य होतो. कमी नाही, शून्य. शिवाय तो चुंबकीय क्षेत्र स्वतःच्या आतून बाहेर ढकलतो. या दोन्ही गोष्टी दिसल्या तरच त्याला सुपरकंडक्टर म्हणायचं.

१९११ साली हॉलंडमध्ये कामरलिंग ऑनेस यांना पाऱ्यात हे पहिल्यांदा दिसलं, उणे २६९ अंशांना. याचं कारण समजायला १९५७ उजाडलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी सांगितलं की इलेक्ट्रॉन जाता जाता आजूबाजूच्या अणूंची जाळी किंचित आत खेचतो, त्या खेचलेल्या जागेकडे दुसरा इलेक्ट्रॉन ओढला जातो आणि दोघांची जोडी जमते. अशा सगळ्या जोड्या मिळून एकाच लयीत वाहतात, त्यामुळे एखाद-दुसऱ्या अणूच्या धक्क्याने त्यांचं काही बिघडत नाही. जोडी जमवणारा गोंद म्हणजे अणूंच्या जाळीची कंपनं.

हे तंत्रज्ञान तुमच्या घराजवळही आहे. वसई, नालासोपारा, विरारमध्ये कुणाचा एमआरआय झाला असेल, तर मोठी शक्यता ही की त्या मशिनच्या आत नायोबियम-टायटॅनियमच्या सुपरकंडक्टर तारेचं वेटोळं होतं, द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेलं. हेलियम महाग, आणि भारताला तो बाहेरून आणावा लागतो. एमआरआय महाग असण्यामागे हेही एक कारण आहे.

१९८६ चा धक्का

१९५७ च्या सिद्धान्तानुसार सर्वसाधारण समज असा होता की उणे २४० अंशांच्या आसपास या खेळाची हद्द संपते. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी लँथनम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचं एक सिरॅमिक बनवलं. ते ३५ केल्विनच्या आसपास, म्हणजे साधारण उणे २३८ अंशांना सुपरकंडक्टर झालं. हद्दीवर, पण असल्या पदार्थात कुणी अपेक्षाच केली नव्हती. सिरॅमिक म्हणजे कपबशीच्या जातीचं, जे एरवी वीज नेतच नाही! दोघांना पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं.

१९८७ मध्ये इट्रियम घातलेला भाऊबंद आला, ९३ केल्विनचा, म्हणजे उणे १८० अंश. हा आकडा महत्त्वाचा अशासाठी की नायट्रोजन उणे १९६ ला द्रव होतो. म्हणजे महागडा हेलियम नको, हवेतून मिळणारा स्वस्त नायट्रोजन पुरे. १९९३ मध्ये पारा असलेला प्रकार १३३ केल्विनपर्यंत गेला, उणे १४० अंश.

हे पदार्थ नुसते प्रयोगशाळेत पडून नाहीत. जर्मनीतल्या एसेन शहरात २०१४ मध्ये अशा पदार्थाची एक किलोमीटर लांबीची केबल शहराच्या वीजजाळ्यात जोडली गेली. फ्यूजन ऊर्जेसाठीचे मोठे चुंबकही यातूनच बनवले जातायत. पण सिरॅमिक ठिसूळ असतं, त्याची तार ओढणं कटकटीचं. आणि सगळ्यात मोठी अडचण ही की यातली जोडी कोणत्या गोंदाने जमते तेच ठाऊक नाही. रेसिपी न कळता पदार्थ चांगला झालाय, मग त्याहून चांगला करायचा कसा? आजवर बरंचसं काम 'हे घालून बघू, ते घालून बघू' असंच झालंय.

विरार फास्ट आणि इलेक्ट्रॉनची गर्दी

हे पदार्थ इतके अवघड का? मला हे समजलं ते लोकलमध्ये.

साध्या धातूतले इलेक्ट्रॉन म्हणजे दुपारी दोनची रिकामी लोकल. ज्याला जिथे जायचं तिथे तो जातो, दुसऱ्याशी फारसा संबंध नाही. एका प्रवाशाचा हिशोब मांडला की सगळ्या डब्याचा मांडता येतो.

तांब्याच्या ऑक्साइडमध्ये तांबं आणि ऑक्सिजनचे सपाट थर असतात, चौकटीच्या कागदासारखे. मूळ पदार्थात प्रत्येक तांब्याच्या जागी एकेक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. पाठ्यपुस्तकाच्या नियमाने या पदार्थातून वीज सहज वाहायला हवी. पण दोन इलेक्ट्रॉन एका जागी आले तर एकमेकांना जोरात ढकलतात, म्हणून कुणी जागचं हलतच नाही. ही संध्याकाळची विरार फास्ट. माणसं भरपूर, पण हालचाल शून्य. एवढ्या गर्दीत माणसं जशी एक पुढे तोंड, एक मागे तोंड अशी उभी राहतात, तसंच इथे शेजारशेजारच्या इलेक्ट्रॉनचे छोटे चुंबक एक वर, एक खाली असे लागतात.

आता बोरिवलीला चार जण उतरले. लगेच एक जण त्या मोकळ्या जागेत सरकतो, त्याच्या जागी दुसरा, मग तिसरा. खरं तर मोकळी जागाच डब्यातून फिरू लागते. शास्त्रज्ञ लँथनमच्या काही अणूंच्या जागी स्ट्राँशियम घालतात, तेव्हा थरातून काही इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि अशाच मोकळ्या जागा तयार होतात. शंभर तांब्यांमागे साधारण १६ जागा मोकळ्या केल्या की सुपरकंडक्टिव्हिटी सगळ्यात वरच्या तापमानापर्यंत टिकते. त्याहून कमी किंवा जास्त केल्या की ती ढासळते.

गोम इथेच आहे. गर्दीच्या डब्यात एका माणसाचा वेगळा हिशोब मांडता येत नाही. तुम्ही हललात तर दहा जण हलतात. समीकरणं लिहिता येतात, पण सोडवायला घेतली की सुपरकॉम्प्युटरही दमतो. मग उरतो एकच मार्ग. आत डोकावून बघायचं की ही गर्दी नेमकी कशी हलतेय.

मग आत बघायचं कसं?

प्रोग्रामरला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. कोड चालत नसेल तर आपण मधे मधे प्रिंट टाकतो, लॉग बघतो. पण इलेक्ट्रॉनच्या आत लॉग टाकता येत नाही. बाहेरून काही तरी मारायचं आणि काय परत येतं ते बघायचं, एवढंच हातात असतं.

एक पर्याय न्यूट्रॉनचा. मुंबईत ट्रॉम्बेला ध्रुव ही अणुभट्टी १९८५ पासून आहे, तिथे न्यूट्रॉन पदार्थावर सोडून अभ्यास होतो. न्यूट्रॉनला चुंबकीय हालचाल छान कळते. १९९५ मध्ये अमेरिकेत जॉन ट्रँक्वाडा यांच्या गटाने न्यूट्रॉननेच दाखवलं की तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये मोकळ्या जागा आणि चुंबक पट्ट्यापट्ट्यांनी मांडलेले असतात. पण न्यूट्रॉनला मोठा स्फटिक लागतो, आणि विद्युतभार त्याला थेट दिसत नाही.

साध्या क्ष-किरणांची अडचण वेगळी. ते सगळ्याच इलेक्ट्रॉनवरून विखुरतात. अणूच्या आत घट्ट बसलेले असंख्य इलेक्ट्रॉन, आणि आपल्याला हवेत ते वरचे मोजके. अर्नाळ्याच्या जत्रेत एका माणसाचा आवाज ऐकण्यासारखं झालं.

यावर तोडगा म्हणजे रेझोनन्स, रेडिओ ट्यून करण्यासारखा. क्ष-किरणांची ऊर्जा बरोबर ९३० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आणली की तांब्याचा अणू त्यांना एकदम जोरात प्रतिसाद देतो. ऑक्सिजन, लँथनम, बेरियम मागे पडतात आणि तांब्याचे नेमके तेच वरचे इलेक्ट्रॉन ठळक होतात.

रिक्स: ९३० रुपयांत चार पैशांचा हिशोब

या तंत्राचं पूर्ण नाव रेझोनंट इनइलॅस्टिक एक्स-रे स्कॅटरिंग. शास्त्रज्ञ त्याला 'रिक्स' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

कॅरम आठवा. स्ट्रायकर सोंगटीवर मारला. सोंगटी तुम्हाला दिसत नाही असं समजा, फक्त स्ट्रायकर दिसतो. तो किती वेग घेऊन गेला, किती घेऊन परत आला, कोणत्या कोनात वळला, एवढं मोजलं तर सोंगटीला काय झालं ते सांगता येईल. रिक्समध्ये तेच होतं:

१. ९३० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा क्ष-किरण तांब्याच्या अणूवर पडतो आणि आतल्या कवचातला एक इलेक्ट्रॉन उचलून वरच्या मोकळ्या जागेत बसवतो.

२. आत एक खड्डा पडतो. तो काही फेम्टोसेकंदच टिकतो. एक फेम्टोसेकंद म्हणजे एका सेकंदाच्या एक लाख कोटी भागांतल्या एका भागाचाही हजारावा हिस्सा.

३. वरचा एक इलेक्ट्रॉन खाली येऊन खड्डा भरतो आणि नवा क्ष-किरण बाहेर पडतो.

४. बाहेर आलेल्या किरणाची ऊर्जा आत गेलेल्यापेक्षा थोडी कमी असेल, तर तो फरक पदार्थातच राहिला. एखादी चुंबकीय लहर उठली, जाळी थरथरली किंवा इलेक्ट्रॉनची गर्दी हलली. किरण किती वळला त्यावरून त्या लहरीचा संवेग कळतो.

ही कल्पना ओळखीची वाटतेय ना? १९२८ मध्ये कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाबाबत हेच दाखवलं होतं. प्रकाश पदार्थाला काही ऊर्जा देतो आणि बदललेल्या रंगाने बाहेर येतो. रिक्स म्हणजे क्ष-किरणांचा रामन परिणामच. फरक तरंगलांबीचा. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी शेकडो नॅनोमीटर, तर या क्ष-किरणांची १.३ नॅनोमीटर. तांब्याच्या दोन अणूंमधलं अंतर ०.३८ नॅनोमीटर. त्यामुळे तीन-चार अणूंच्या अंतराने होणारी नक्षी क्ष-किरणांना पकडता येते, साध्या प्रकाशाला नाही.

अवघड भाग मोजणीचा. आत जाणारा किरण ९३० चा आणि आपल्याला फरक ओळखायचाय ०.०४ चा. ९३० रुपयांच्या बिलात चार पैशांची चूक शोधण्यासारखं. त्यासाठी बाहेर आलेले किरण एका बारीक रेघांच्या आरशावरून पसरवून दहा मीटरहून जास्त लांब नळीच्या टोकाशी असलेल्या डिटेक्टरवर पाडतात. बाहेर येणारे किरण इतके थोडे की एकेका आलेखासाठी बराच वेळ थांबावं लागतं. आणि इतके प्रखर, एकाच ऊर्जेचे किरण मिळवायचे तर सिंक्रोट्रॉन लागतो. म्हणजे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने इलेक्ट्रॉन गोल फिरवणारं, शेकडो मीटर परिघाचं यंत्र. ते वळताना जो क्ष-किरणांचा झोत बाहेर फेकतात, तो वापरायचा.

इटलीतल्या मिलान पॉलिटेक्निकचे लुचिओ ब्राइकोविच आणि जाकोमो गिरिंगेल्ली यांच्या गटाने या उपकरणांवर वर्षानुवर्षं काम केलं, स्वित्झर्लंडमध्ये आणि फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या युरोपीय सिंक्रोट्रॉनवर. सूक्ष्मता वाढत गेली तसं आधी न दिसलेलं दिसू लागलं.

काय काय दिसलं?

चुंबकीय लहरी मरत नाहीत. समज असा होता की मोकळ्या जागा वाढल्या की 'एक वर, एक खाली' ही मांडणी मोडते आणि तिच्या लहरी विरून जातात. २०११ मध्ये रिक्सने दाखवलं की लांबवरची मांडणी मोडली तरी छोट्या अंतरावरच्या लहरी चांगल्याच जोरकस राहतात, तांब्याच्या वेगवेगळ्या ऑक्साइडमध्ये. जोडी जमवणारा गोंद चुंबकीय असावा असं मानणाऱ्यांना यामुळे बळ मिळालं.

भाराची नक्षी. २०१२ मध्ये गिरिंगेल्ली आणि सहकाऱ्यांनी इट्रियमच्या कुटुंबात दाखवलं की थंड करत गेलं की इलेक्ट्रॉन आपोआप लाटेसारखी नक्षी मांडतात, साधारण तीन-सव्वातीन अणूंच्या अंतराने. जुन्या मोजणीत हा संकेत गोंगाटात बुडून जात होता, रिक्सने ऊर्जेनुसार वेगळं केल्यावर तो स्पष्ट वर आला. नक्षी १५० केल्विनच्या आसपासपासून वाढत जाते, आणि सुपरकंडक्टिव्हिटी सुरू झाली की मात्र ओसरू लागते. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने जास्त ऊर्जेचे क्ष-किरण वापरून उलट बाजू दाखवली. मोठ्या चुंबकीय क्षेत्राने सुपरकंडक्टिव्हिटी दाबली की नक्षी पुन्हा जोर धरते. थोडक्यात, दोघी एकाच सीटसाठी भांडतायत.

नक्षीच्या आधीची कुजबुज. २०१९ मध्ये कळलं की स्थिर नक्षीपेक्षा कितीतरी वरच्या तापमानालाही भाराचे क्षणिक, पसरट चढउतार असतात. म्हणजे ही नक्षी एखाद्या तापमानाला उपटलेला किरकोळ प्रकार नव्हे, ती या पदार्थांच्या स्वभावातच मुरलेली आहे.

थर एकमेकांशी बोलतात. इलेक्ट्रॉनची गर्दी एकत्र हेलकावते त्याला प्लाझ्मॉन म्हणतात. २०१८ मध्ये एका प्रकारच्या आणि २०२० मध्ये दुसऱ्या प्रकारच्या ऑक्साइडमध्ये रिक्सने दाखवलं की हे हेलकावे एका थरापुरते नसतात, वरचे-खालचे थरही त्यात सामील असतात. २०२० च्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते अभिषेक नाग, भारतीय संशोधक. प्रयोग मात्र इंग्लंडच्या डायमंड सिंक्रोट्रॉनवर झाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग कोडं सुटलं का?

नाही, आणि हे सरळ सांगायला हवं. चुंबकीय लहरी जोरकस आहेत म्हणून त्याच गोंद आहेत असं सिद्ध होत नाही. भाराची नक्षी स्पर्धक आहे असं दिसतं, पण तिचे क्षणिक चढउतार कुठे तरी मदतही करत असतील का, यावर वाद आहे. शिवाय रिक्स जो आलेख देतं त्याचा अर्थ लावणंही सोपं नाही. अणूच्या आत पडलेला तो क्षणभराचा खड्डा स्वतःच आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनना ढवळतो. बघणाऱ्यानेच दृश्य थोडं हलवलं, तर मूळ दृश्य कोणतं हे गणिताने वेगळं काढावं लागतं.

तरी मोठा फरक पडलाय. पूर्वी दहा सिद्धान्त असले तर दहाही जिवंत राहायचे. आता प्रत्येकाला विचारता येतं, तुझ्या हिशोबाने ही लहर कुठे, किती ऊर्जेला, किती जोरात दिसायला हवी? मोजलेल्याशी जुळलं नाही की तो सिद्धान्त मागे पडतो.

आणि हे साधन नव्या पदार्थांनाही लगेच लावता येतं. २०१९ मध्ये तांब्याऐवजी निकेल असलेला, तशाच थरांचा सुपरकंडक्टर सापडला. २०२१ पर्यंत रिक्सने त्यातल्याही चुंबकीय लहरी टिपल्या होत्या. २०२३ मध्ये चीनमधल्या गटाने निकेलच्या आणखी एका ऑक्साइडमध्ये प्रचंड दाबाखाली ८० केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी दाखवली. मग प्रश्न आपोआप पुढे येतो. तांबं आणि निकेल दोघांत जे समान दिसतं तेच खरं कारण का? निवड करत करत उत्तराकडे जायचं, जसं आपण बग शोधताना करतो.

आता भारतात काय?

या क्षेत्रात आपण नवखे नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, १९९४ मध्ये इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बनच्या मिश्रणात १२ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी सापडली आणि बोरोकार्बाइड नावाचं एक नवं कुटुंबच खुलं झालं. त्याच संस्थेने पुढे शुद्ध बिस्मथ हा धातू ०.५३ मिलिकेल्विनखाली, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी उंबरठ्यावर, सुपरकंडक्टर होतो हे दाखवलं. जुन्या सिद्धान्ताने त्याची अपेक्षाच नव्हती.

सिंक्रोट्रॉनही आहे. बोरिवलीहून संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेस पकडली की सकाळी इंदूर, होळकरांचं आणि असंख्य मराठी घरांचं शहर. तिथे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ आहे, परिघ सुमारे १७२ मीटर, ऊर्जा २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, २००५ पासून. देशभरचे विद्यापीठातले संशोधक प्रस्ताव पाठवून तिथे वेळ मिळवतात आणि चांगलं काम करतात. पण वर सांगितलेलं चार पैशांचा फरक ओळखणारं रिक्स तिथे नाही. त्यासाठी लागणारा बारीक, प्रखर झोत हे पुढच्या पिढीच्या यंत्रांचं काम आहे.

म्हणून आपले लोक बाहेर जातात. जर्मनीत हॅम्बुर्गला आणि जपानमध्ये त्सुकुबाला भारताने पैसे घालून प्रयोगाच्या जागा मिळवल्या आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे, विज्ञान असंच चालतं. पण बाहेरच्या यंत्रावर वेळ मिळतो तो काही दिवसांचा, वर्षातून एखाद-दोनदा, आणि तोही जगभरच्या स्पर्धेतून. नमुना बिघडला तर पुढच्या फेरीची वाट बघा. घरचं सर्व्हर आणि तासावर भाड्याने घेतलेलं सर्व्हर यातला फरक आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. भाड्याच्या वेळेत माणूस तेच करतो जे नक्की चालेल. 'चुकलं तर चुकलं' असा प्रयोग घरच्याच यंत्रावर होतो.

आणि परवडत नाही असं म्हणावं, तर ब्राझील बघा. कॅम्पिनास शहरात त्यांनी सिरियस हा चौथ्या पिढीचा सिंक्रोट्रॉन उभारला, परिघ ५१८ मीटर, उद्घाटन २०१८ मध्ये. तिथे रिक्ससाठी स्वतंत्र जागाही आखली गेली.

आपल्याकडे पैसे येतायत. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००३.६५ कोटी रुपये मंजूर केले, २०३०-३१ पर्यंतसाठी. त्याची चार केंद्रं ठरली, त्यातलं मोजमापाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे आणि पदार्थांचं आयआयटी दिल्लीकडे. त्याच महिन्यात हिंगोलीच्या लायगो-इंडियासाठी २६०० कोटी मंजूर झाले. म्हणजे मोठी यंत्रं उभारायची तयारी देशात आहे.

माझं म्हणणं एवढंच. क्वांटम कॉम्प्युटर बनवायचाय म्हणून आपण पदार्थांवर खर्च करणार, पण त्या पदार्थाच्या आत काय चाललंय ते बघायचं सर्वात बारीक साधन आपल्याकडे नसणार, हे उलटं आहे. चाळीस वर्षांची तांब्याची गोष्ट हेच सांगते की पदार्थ आधी मिळाला, पण समज तेवढीच वाढली जेवढी बघायची साधनं वाढली. चौथ्या पिढीच्या सिंक्रोट्रॉनची चर्चा देशात होते. अशी यंत्रं कागदावरून उभी राहायला दशक लागतं. आज ठरवलं, तर आत्ता बारावीत असलेली मुलं पीएचडी करतील तेव्हा ते यंत्र तयार असेल. नाही ठरवलं, तर तीही हॅम्बुर्गच्या विमानाची वाट बघतील.

आपण काय करू शकतो?

भौतिकशास्त्र शिकलो नाही म्हणून या गोष्टी आपल्या नाहीत, असं मलाही वाटायचं. पण रिक्सचा डेटा म्हणजे शेवटी डिटेक्टरवरच्या ठिपक्यांचं चित्र. प्रत्येक ठिपक्याचा नेमका मध्य शोधणं, गोंगाट वेगळा करणं, गणिताने काढलेल्या आलेखाशी तुलना करणं, हे सगळं सॉफ्टवेअरचं काम. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेशी संबंधित संशोधकांनी 'एड्रिक्स' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर काढलंय, पायथॉनमधून वापरता येतं, गिटहबवर आहे. मी ते लॅपटॉपवर टाकून बघितलं. पहिल्या रात्री काही कळलं नाही, दुसऱ्या रात्री तांब्याच्या एका अणूचा आलेख निघाला. तो बघून जो आनंद झाला तो ऑफिसमधल्या कुठल्याही रिलीजला झाला नव्हता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि प्रोजेक्टसाठी तेच ते अटेंडन्स ॲप करत असाल, तर हे एकदा बघा.

आणि पुढच्या वेळी 'खोलीच्या तापमानाला सुपरकंडक्टर सापडला' अशी फॉरवर्ड आली, तर पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारा:

१. विरोध खरोखर शून्य झाला, की नुसता कमी झाला?

२. चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकललं जातंय का? तरंगण्याच्या व्हिडिओवर जाऊ नका, साधं ग्रॅफाइटही तरंगतं.

३. दुसऱ्या कुणी, दुसऱ्या देशात, स्वतःचा नमुना बनवून तेच दाखवलं का?

४. नमुना शुद्ध होता का? आत काय काय आहे ते क्ष-किरणांनी तपासलं का?

एलके-९९ पहिल्या तिन्हीत नापास होता आणि चौथ्याने त्याचा पत्ता कापला. कधी तरी एखादा पदार्थ चारही पास होईल. त्या दिवशी खरी शर्यत सुरू होईल, तो का चालतो हे कळण्याची. त्या शर्यतीत आपलं यंत्र असेल की आपण पुन्हा व्हिडिओच बघत असू, हे मात्र पुढच्या काही वर्षांतच ठरणार आहे.